चाच्यांच्या होडीतलं गाऱ्हाणं

नागपूरजवळच्या आमच्या वाडीत तेव्हा तार यायची ती कोणी गेल्याचीच. तारवाला सायकल घेऊन गोदामांच्या रांगेत शिरला की हमालसुद्धा पोती खाली ठेवून बघत राहायचे, हा आता कोणाच्या दारात थांबतो ते. मी सांगते आहे ती गोष्ट सत्तरीच्या दशकाच्या अखेरीची. होळी जवळ आली होती आणि तारवाला नेमका आमच्या दारात थांबला. बाबांनी तार हातात घेतली, उघडली नाही, ओट्यावर बसले आणि ती माझ्याकडे दिली.

तार माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याची, विलासरावांची होती. "शिमग्याला या. चाच्यांचा उत्सव आहे. मंदा ठीक." बस, एवढंच. विलासराव स्वतः तार ऑफिसात कामाला. आपण पोस्टकार्ड टाकतो तसे ते तार करत असणार, समोरच्याच्या पोटात गोळा येईल हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मला हायसं वाटलं, बाबांना नाही. "ठीक काहून लिहिलं?" ते म्हणाले. "ठीक असलेल्या माणसाची कोणी तार करते का?"

आता थोडं मागचं सांगते, म्हणजे बाबांची भीती कळेल. विलासराव कोकणातले. नोकरीनिमित्त नागपुरात आले, तिथल्या सदर भागातल्या ऑफिसात काम करायचे आणि खोली स्वस्त म्हणून वाडीत आमच्या मागच्या अंगणात भाड्यानं राहायचे. मंदाचं आणि त्यांचं तिथंच जमलं. ते कुणबी, आम्हीही कुणबी, त्यामुळे बाबांना नाही म्हणायला कारण मिळेना. पण नावाखेरीज काहीच जुळत नव्हतं. त्यांचा भात, आमची भाकर. ते तोंडातल्या तोंडात बोलणारे आणि आमची मंदा म्हणजे ट्रक मागे घेताना कुंपणाला धक्का लागला तर ड्रायव्हरला खाली उतरवून त्याच्याकडून कुंपण दुरुस्त करून घेणारी. आई गेल्यापासून घरातला आवाज तोच होता.

लग्नानंतर विलासरावांची बदली त्यांच्याच गावी, वेळबंदरला झाली. वर्ष होत आलं तरी मंदा माहेरी आली नव्हती. पत्रं यायची, त्यात एकच मजकूर: मी बरी आहे, काळजी नसावी. बाबा ट्रान्सपोर्टच्या गोदामात मुकादम. वाडीतून निघालेला ट्रक कुठल्या घाटात थांबतो, कुठं ड्रायव्हर जेवतो, सगळं त्यांना पाठ. पण वेळबंदरला वाडीतून एकही ट्रक जात नव्हता. "जिथं आपली गाडी जात नाही तिथं पोरगी देऊन बसलो गा," असं ते शेजारच्यांना सांगायचे.

"तू जाऊन पाहून ये," ते मला म्हणाले. "बरी नसन तर सरळ घेऊन ये. लोकं काय म्हणतीन ते मी पाहून घेईन."

मी सदरला एका वकिलांकडे टायपिस्ट होते. वकीलसाहेबांनी रजा देताना कपाळाला आठ्या घातल्या, पण दिली. मी ज्वारीचं पीठ, भिवापुरी मिरचीचं तिखट आणि सांडगे अशी पिशवी भरली आणि निघाले.

जायचं कसं, हे विचारणाऱ्यांसाठी सांगते. आमच्या वेळी नागपूरहून रात्रभर गाडीनं मुंबई, तिथून टॅक्सीनं भाऊचा धक्का आणि धक्क्यावरून कोकणची बोट. गाडी उशिरा आली की बोट चुकली आणि मुंबईत मुक्काम पडला. आता बोट बंद झाली, कोकणात रेल्वे आली, तुम्ही आरामात जाल. पण खरं सांगू, तुमचं थोडं नुकसानच झालं आहे. डेकचं तिकीट खिशाला परवडायचं. सतरंजी पसरायची, डबे उघडायचे, शेजारच्या बाईला आपलं लोणचं द्यायचं आणि तिचे खोबऱ्याचे लाडू घ्यायचे. मी घेतले, खाल्ले आणि तासाभरात सगळे समुद्राला परत केले. म्हणून सल्ला: बोट असो वा घाटातली एस.टी., रिकाम्या पोटी बसा आणि आवळकाठी तोंडात धरा.

समुद्र मी त्याआधी पाहिलाच नव्हता. तो सुंदर असतो असं ऐकून होते. मला तो जरा जास्तच वाटला.

वेळबंदरला धक्का नव्हता. बोट लांब समुद्रात थांबायची, किनाऱ्यावरून मोठी होडी यायची, तिला पडाव म्हणतात, आणि वर-खाली होणाऱ्या त्या पडावात माणसांनी बोटीवरून उतरायचं. खलाशी म्हणाला, "उडी टाका बाय." मी म्हटलं, "मी काय माकड हाय का?" त्यानं उत्तर न देता मला दंडाला धरून उचललं आणि पोत्यासारखं खाली दिलं. आमच्या वाडीतले हमाल पोती याहून जपून उतरवतात.

किनाऱ्यावर मंदा उभी होती, शेजारी तिच्या सासूबाई. मंदा वाळली होती. काळवंडलीही होती. पण मला धक्का बसला तो ती बोलली तेव्हा. "ये ताई. प्रवास बरा झाला ना?" असं हळू, खाली बघून. अहो, आमच्या घरात "आली का वं!" ही हाक रस्त्याच्या पलीकडे ऐकू जायची. मी तिला जवळ घेतलं आणि कानात विचारलं, "कशी हायेस वं?" तिनं सासूबाईंकडे पाहिलं आणि म्हणाली, "बरी आहे."

पुढचे दोन दिवस हेच. गाव फार देखणं होतं, हे मला आज आठवून सांगता येतं, तेव्हा माझं लक्ष नव्हतं. खाडीच्या तोंडाशी वसलेलं, चिऱ्यांच्या पायऱ्यांचं, प्रत्येक दारात वाळत घातलेली जाळी. सासूबाईंनी माझं कमी काही केलं नाही. ताजे मासे, सोलकढी, नारळाच्या रसातल्या शेवया. सासरे घरात असून नसल्यासारखे. कोपऱ्यात जाळं विणत बसायचे, दोन दिवसांत माझ्याशी बोलले ते "बसा" एवढंच. विलासराव ऑफिसातून यायचे आणि हसायचे.

पण मंदाबरोबर मला एक क्षण एकटीला मिळाला नाही. स्वयंपाकघरात सासूबाई. विहिरीवर गेलो तर मागून सासूबाई. रात्री झोपतानाही आमच्या दोघींच्या मध्ये त्यांनी आपली वळकटी पसरली. एकदा त्या परसात गेल्याचं बघून मी घाईनं विचारलं, "मंदे, खरं सांग. त्रास आहे का इथं?" तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात सासूबाई दारात उभ्या. "मंदा," त्या म्हणाल्या, "दोन दीस राहिले गो. दम धर." आणि मंदानं चक्क तोंडावर हात ठेवला.

कसला दम? कशाचे दोन दिवस? माझं डोकं तापलं. ही सासू हिला पहाऱ्यात ठेवते आहे, एवढं मला कळलं होतं. ताटात सकाळ-संध्याकाळ भात वाढला जायचा आणि भाकरीसाठी जीव टाकणारी माझी बहीण तो मुकाट गिळायची. मी आणलेलं ज्वारीचं पीठ तिनं पाहिलं, हुंगलं आणि न बोलता फडताळात ठेवून दिलं. त्या संध्याकाळी मी मनात ठरवून टाकलं: उत्सव झाला की परतीच्या बोटीची तिकिटं दोन काढायची.

शिमग्याची पंचमी उजाडली. वेळबंदरला या दिवशी चाचे येतात. हा उत्सव बघायला जाणार असाल तर भरतीची वेळ विचारून घ्या, कारण चाचे घड्याळाप्रमाणे येत नाहीत, पाण्याप्रमाणे येतात. मी गेले तेव्हा भरती दुपारची होती. सकाळपासून लोकांनी घरातल्या वस्तू मुद्दाम बाहेर मांडल्या होत्या. बाजलं, पाटा-वरवंटा, शिडी, कोणी तर झोपलेले आजोबा खुर्चीसकट. मग खाडीपलीकडून ढोल सुरू झाले आणि होड्या निघाल्या. तोंडाला काजळी, उलटे घातलेले कोट, अंगाला गुंडाळलेली जाळी, हातात लाकडी तलवारी. उतरले आणि आरडाओरडा करत जे दिसेल ते उचलून देवळासमोर नेऊन टाकू लागले. ज्याची वस्तू त्यानं नारळ देऊन सोडवायची. माझ्या पायांतल्या चपला केव्हा गेल्या ते कळलंच नाही. चांगल्या चपला घालून जाऊ नका.

मी हसत होते, कबूल करते. मागे वळून मंदाला म्हणणार होते, "पाहून राहिली का वं?" तर मंदा जागेवर नव्हती. चाच्यांच्या सरदारानं तिला खांद्यावर टाकलं होतं आणि तो पाण्याकडे पळत सुटला होता. पांढऱ्या मिशा लावलेला, डोक्याला लाल फडकं, आवाज असा की ढोल ऐकू येईना. मंदा हातपाय झाडत होती. आणि सासूबाई? सासूबाई पदर खोचून हसत होत्या. विलासरावही हसत होते. सारा गाव हसत होता.

मला पुढचं नीट आठवत नाही. मी पाण्यात शिरले होते एवढं खरं. "सोडा तिले! सोडा म्हणते ना!" असं ओरडत होते. समुद्र चालून येतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आमची पेंच नदी आपल्या जागी वाहते, उभ्या माणसाच्या अंगावर येत नाही. घोट्याएवढं पाणी बघता बघता कमरेला आलं, लुगडं पायांत अडकलं आणि मी तोंडावर पडले. खारट पाणी नाकातोंडात गेलं. कोणीतरी मानेला धरून वर ओढलं, होडीत टाकलं आणि काठावर एकच हशा पिकला. चाच्यांना त्या वर्षी एकावर एक फुकट मिळाली होती.

होडी काठापासून थोड्या अंतरावर नांगरली. मंदा फळीवर बसली होती, मी तिच्या पायांशी, वेणीतून पाणी गळत. सरदारानं तलवार उगारली.

"बा देवा महाराजा!" सरदार गरजला.

"व्हय महाराजा!" सारा गाव एका आवाजात.

"ही परमुलखाची पाहुणी आपल्या पायानं होडीत आली! व्हय महाराजा?"

"व्हय महाराजा!"

"होडीत आली ती गाऱ्हाणं सांगितल्याशिवाय सुटायची नाही! सांग बाय, तुझा गाऱ्हाणा काय?"

मला त्यांची रीत काय माहीत? मला वाटलं हा माणूस खरंच विचारतो आहे. आणि गेले दोन दिवस कोणी मला काही विचारलंच नव्हतं. मी उठून उभी राहिले, होडी हलली, मी सरदाराचीच जाळी धरली आणि पोटात होतं ते सगळं बाहेर पडलं. "माझी बहीण इथं सुखात हाय का नाही, ते मले कोणी सांगूनच नाही राहिलं! तिचा बाप तिकडे जेवत नाही! मी काय सांगू त्याले जाऊन?"

"व्हय महाराजा!" गाव सवयीनं ओरडला. मग लोकांना कळलं मी काय बोलले ते आणि तो आवाज मधेच विरला.

मी रडायला लागले. सरदारानं तलवार खाली केली, मिशी जराशी सरकवली, आणि मला दिसलं की हे मंदाचे सासरे आहेत. दोन दिवसांत "बसा" एवढंच बोललेले. "पाहुणीबाय," ते हळूच म्हणाले, "तिलाच विचारूया. आजच तिची पाळी हाय." आणि परत गरजले, "नव्या सूनबाय! सांग, तुझा गाऱ्हाणा काय?"

मंदा उठली. तिनं पदर खोचला. आणि वर्षभर न ऐकलेला तो आवाज आला, वाडीतल्या ट्रकांच्या वर चढणारा.

"मले भाकर पाह्यजे! रोज रोज भात! सकाळी भात, संध्याकाळी भात, माणूस हाय का बगळा हाय मी?"

"व्हय महाराजा!"

"हे विलासराव, ऑफिस सुटलं की पत्ते कुटत बसतात अन् घरी येऊन म्हणतात तारा लय होत्या! तारा होत्या का राण्या होत्या, विचारा त्यायले!"

गाव लोळायचा बाकी राहिला होता. विलासराव एका माडामागे गेले.

"अन् समुद्र दारात हाय, पण सासूबाई मले पाण्यात पाय घालू देत नाहीत! मले पोहता आलं पाह्यजे! मले होडी वल्हवता आली पाह्यजे! अन् मले माहेरी धाडत नाहीत, म्हणतात बोटीत तुझं डोकं फिरते!"

काठावरून सासूबाईंनी दोन्ही हात नाचवले. "अगो, बुडालीस तर तुझ्या बापाला मी काय उत्तर देऊ? आणि हिला विचारा, तिखटाची बरणी महिन्याला संपवतेय कोण? माझ्या आमटीला नावं ठेवलीन, माझ्या माशाला नावं ठेवलीन, आणि म्हणे पाण्यात जाते!"

"आमटी गोड असते तुमची!" मंदा होडीतून ओरडली. "आमटी हाय का खीर हाय?"

दोघींची चांगलीच जुंपली आणि गाव मधे मधे "व्हय महाराजा" करत राहिला. मी मंदाच्या पायांशी बसून तिच्याकडे बघत होते. ती भांडत होती. कंबरेवर हात, मान वाकडी, डोळ्यांत चमक. माझ्या छातीवरचं दगडाएवढं ओझं उतरलं. इतकं हलकं मला आयुष्यात फार थोड्या वेळा वाटलं आहे. जिथं जीव मुठीत धरून राहावं लागतं तिथं कोणी आमटीवरून भांडत नाही.

शेवटी गावच्या पंचांनी काठावरूनच निवाडा केला. भाकरी मंजूर. पोहणं मंजूर, पण शिकवायचं सासऱ्यांनी, आणि गुडघाभर पाण्यातच. माहेरी जाणं पावसाळ्याच्या आत. पत्त्यांचा निर्णय पुढच्या शिमग्यावर ढकलला, कारण पंचांपैकी निम्मे त्याच डावात बसायचे. माझं गाऱ्हाणं निकालात काढायची गरज कोणाला वाटली नाही.

घरी येऊन सासूबाईंनी मला आपलं कोरडं लुगडं नेसवलं, चुलीपुढे बसवलं आणि मग सगळं सांगितलं. फार पूर्वी खरे चाचे आले होते म्हणे, आणि एका नव्या नवरीला पळवून नेलं. तिनं होडीत चाच्यांना इतकी गाऱ्हाणी सांगितली की कंटाळून त्यांनी तिला परत काठावर आणून सोडलं. तेव्हापासून त्या वर्षीच्या नव्या सुनेला या दिवशी होडीत बसवतात आणि वर्षाचं सगळं बोलायला लावतात. पण होळी पेटल्यापासून पंचमीपर्यंत तिनं गाऱ्हाणं पोटात राखायचं, एक शब्दही बाहेर काढायचा नाही. आधी सांडलं तर होडीत त्याला मान नाही.

"माहेरचा माणूस आला की गाऱ्हाणा तिथंच सांडतो," सासूबाई म्हणाल्या. "म्हणून मी पहाऱ्यावर बसले. तुम्हाला ठाऊक असेल असाच वाटला मला. सगळ्यांना ठाऊक असतो."

"आमच्या वाडीत चाचे येत नाहीत," मी म्हटलं. सासऱ्यांनी कोपऱ्यातून खोकल्यासारखं केलं. ते हसत होते.

मंदा परातीत माझंच ज्वारीचं पीठ मळत होती. "ताई, वेडी का काय वं तू?" ती म्हणाली. "मले दुखत असतं तर मी पाच दिवस चूप राहिली असती का? पहिल्याच दिवशी सारं गाव गोळा केलं असतं."

"अन् पत्रात का नाही लिहीत काही?"

"काय लिहू? आमटी गोड असते म्हणून?"

ती वाळली कशानं, हेही मी विचारलंच. सासूबाईंच्या नकळत पहाटे खाडीत उतरून ती स्वतःच पोहायला शिकत होती. सासूबाई चुलीशी होत्या, त्यांनी ऐकलं की नाही माहीत नाही. फुंकणी मात्र जोरात आपटली.

परतीचं तिकीट मी एकच काढलं. या वेळी पडावातून बोटीवर चढताना कोणाला उचलू दिलं नाही. काठावर मंदा गुडघाभर पाण्यात उभी राहून हात हलवत होती आणि सासूबाई मागून ओरडत होत्या, एवढं वाऱ्यावर ऐकू आलं.

वेळबंदरला तुम्ही जरूर जा. उत्सव बहुधा अजून होत असेल. रस्ता झाल्यावर गावं बदलतात, त्यामुळे खात्री देत नाही. मुक्कामाला घरंच मिळतील, आणि भात खायची तयारी ठेवा. माझ्याकडे त्या प्रवासाचा एक फोटोसुद्धा नाही. चपलांची जोडी मात्र मी नारळ देऊन सोडवून आणली. त्यातली एक चप्पल माझी नव्हती.

वाडीत पोचले तेव्हा दुपार होती. बाबा गोदामातून धावतच आले. मी एकटी उतरलेली पाहून क्षणभर थांबले. पिशवी घ्यायचंही विसरले.

"काय म्हणते पोरगी?"

"भांडते," मी म्हटलं. "सासूशी भांडते, नवऱ्याशी भांडते, साऱ्या गावासमोर भांडली."

बाबा ओट्यावर बसले. टोपी काढली, तोंडावरून हात फिरवला. मग मी त्यांना होडीचं सांगितलं, भाकरीचं सांगितलं, पत्त्यांचं सांगितलं. ते प्रत्येक गोष्टीला नुसतं "हं, हं" करत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसतही नव्हते.

"कशी म्हणाली?" त्यांनी विचारलं. "ते भाकरीचं. तसंच्या तसं सांग."

मी सांगितलं.

"असं हळू नसन म्हणाली ती. बरोबर म्हणून दाखव."

समोर ट्रक भरणं चाललं होतं, हमाल बघत होते. मी अंगणात उभी राहिले, पदर खोचला आणि पोटातून ओरडले, "मले भाकर पाह्यजे!"